शीर नसलेला घेवडा

१२ जून
संशोधन केंद्र, वसाहत

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही म्हणजे तू खुशाल आहेस असं मी धरून चालते. आजारी पडलास की तू लगेच चार पानं लिहितोस. फोन करत जा असं पुन्हा सुचवू नकोस. या खोऱ्यात मोबाईलला रेंज नाही, केंद्राचा फोन साहेबांच्या टेबलावर, आणि तू फोनवर हं आणि बरं याच्या पुढे जात नाहीस.

बातमी अशी की माझा घेवडा पास झाला. शेवटची चाचणीसुद्धा. सगळ्या ठिकाणच्या वाफ्यांत शेंगा एकसारख्या, आणि एकाही शेंगेला शीर नाही. शेंग जून झाली तरी नाही. भाजी निवडायला बसलं की दोरे ओढत बसायचं कामच संपलं. त्या एका शिरेपायी माझी अर्धी नोकरी गेली रे. निकालाचा कागद हातात घेऊन बाहेर आले तर सांगायला कुणी नाही. एके काळी नवे वाण काढणारे आम्ही पाच पैदासकार होतो, आता मी एकटी. गेलेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांच्या खोल्यांना कुलपं. शेवटी चहा देणाऱ्या बाईंना सांगितलं. छान झालं म्हणाल्या आणि कप उचलून गेल्या.

टायपिंगच्या जुन्या खोलीत आता हक्क कक्ष उघडला आहे. तिथे एक तरुण साहेब बसतात, आम्ही त्यांना हक्कवाले म्हणतो. एका बियाणं कंपनीला माझा घेवडा हवा आहे, त्याचे कागद ते तयार करताहेत. मी वर्षअखेर निवृत्त होते. हे काम जमलं तर दोन वर्षं मुदतवाढ मिळेल आणि वसाहतीतली खोलीही राहील असं मोठ्या साहेबांनी सुचवलं आहे. मला दुसरं घर नाही हे त्यांना ठाऊक आहे.

चाचणीतून उरलेलं बी नेहमीप्रमाणे सोबत आहे. इथे उरलेलं बी आम्ही सगळेच घरी नेऊन शिजवतो. तीन वर्षं तुलाही पाठवते आहे, पण कसं लागलं ते एकदाही कळवलं नाहीस. माझा घेवडा माझ्याच भावाला आवडला की नाही हे मला कळू नये?

लोभ पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई

२३ जून
चष्म्याचं दुकान

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन! कंपनीला हवा झाला म्हणजे तुझा घेवडा मोठ्या घरी चालला. आता तू विचारलंच आहेस तर सांगून टाकतो. रागावू नकोस. तुझं बी मी कधीच शिजवलं नाही.

हिच्या माघारी चूल पेटवायची म्हटलं की माझा हातच पुढे होत नाही. खानावळीचा डबा येतो, नाहीतर पाव आणि चहा. तुझी पहिली पुडी मी मोठ्या उत्साहाने भिजत घातली आणि विसरलो. आठवण झाली तेव्हा प्रत्येक दाण्याला मोड आलेला. टाकवेना. दुकानामागे रंगाचा रिकामा डबा होता, त्यात माती भरून लावून टाकले. वेल पन्हळीच्या पाइपावरून चढत थेट वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत गेला. त्या बाई शेंग हातात धरून खाली आल्या आणि हिला शीर कशी नाही म्हणून विचारू लागल्या. हिच्या दिवसकार्यानंतर माझ्याकडे कुणी काही विचारायला आलं, ते त्या दिवशी.

मग काय, ज्याच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट केला त्याच्या हातावर चार दाणे. तुझ्या पुढच्या पुड्याही तशाच गेल्या. आता आमच्या गल्लीत गॅलरी नाही जिथे तुझा वेल नाही. समोरच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बाईंनी विचारलं, बी वाळवून विकू का, तर मी म्हटलं खुशाल विका. पुड्यांवर नाव मीच घालून दिलं, 'ताईचा घेवडा'. दोन वर्षं झाली, हंगाम आला की त्या विकताहेत. मी त्यांच्याकडून कपभर चहाही घेतलेला नाही, त्या देतही नाहीत.

खरं सांगू का ताई, चष्म्याच्या दुकानात माणूस येतो, नाक पुढे करतो, चष्मा बसला की उठतो. आता माणसं येतात ती टेकतात. माझा वेल पिवळा का पडला म्हणून विचारतात, जसा मीच तो जन्माला घातला. मी तुझं नाव सांगतो, आणि उत्तर आपल्याच मनाचं ठोकून देतो. संध्याकाळी दुकान बंद करताना पूर्वीइतकं जड वाटत नाही.

तुला काळजी वाटू नये म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं. आता घेवडा पासच झाला, म्हणून लिहिलं. रागावलीस तरी पत्र धाड.

तुझा,
धाकटा

४ जुलै
संशोधन केंद्र, वसाहत

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खायला पाठवलेलं बी पेरलंस, गल्लीभर वाटलंस, वर विकायला मोकळीक दिलीस, आणि हे सगळं मला हौसेने कळवतोस! तुला स्वयंपाक येत नाही हे माहीत होतं. पण माणसाला घेवडासुद्धा शिजवता येऊ नये?

आता नीट वाच. नव्या वाणाचा हक्क नोंदवता येतो. ज्याच्या नावावर हक्क, त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला ते बी विकता येत नाही. संस्था माझ्या घेवड्याचा हक्क नोंदवणार आणि बी विकण्याचा अधिकार त्या एकट्या कंपनीला देणार. पण त्यासाठी वाण नवा असावा लागतो. अर्जाच्या आधी वर्षभराहून जास्त काळ, पैदासकाराच्या संमतीने, बाजारात बी विकलं गेलेलं नाही, असं निवेदन पैदासकाराने सही करून द्यायचं असतं. तो कागद माझ्या टेबलावर आहे आणि तुझ्या भाजीवाल्या बाई दोन वर्षं बी विकताहेत.

सही केली नाही तर कंपनी पाठ फिरवणार. त्या पैशांतून काचघराचं गळकं छप्पर नवं होणार होतं, रोजंदारीवरची माणसं टिकणार होती. माझी मुदतवाढही त्याच पैशांची. सही केली आणि उद्या कुणी तुझ्या गल्लीत येऊन वर पाहिलं, तर आयुष्यभर प्रामाणिकपणे काम केलेली बाई निवृत्तीच्या तोंडावर खोटारडी ठरेल. दोन्हीकडून मी घराबाहेरच.

हक्कवाले रोज दारातून डोकावून सही झाली का विचारतात. मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगते. तू दिलेला चष्मा कपाळावर असतो तेव्हाही.

रागाच्या भरात लिहिते आहे, पण मनातलं लिहिते. तुझ्या गल्लीत तो वेल नसता तर फार बरं झालं असतं.

प्रकृतीला जप.

ताई

१४ जुलै
चष्म्याचं दुकान

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

काळजीचं कारण उरलेलं नाही. निर्धास्तपणे सही कर. गल्लीत आता तुझा एकही वेल नाही.

मागून कुणी दिला असता असं मला वाटलं नाही. लोकांचा जीव बसला होता त्यावर. म्हणून मी थोडं खोटं बोललो. घरोघर जाऊन सांगितलं की माझ्या बहिणीच्या केंद्रातून कळलं आहे, हा घेवडा फार दिवस खाल्ला तर डोळ्यांना बाधतो. दुसरं काही सांगितलं असतं तर वाद घातला असता त्यांनी. डोळ्यांचं आणि तेही मी सांगतोय म्हटल्यावर कुणी प्रश्नच विचारला नाही. एका दिवसात सगळ्या गॅलऱ्या रिकाम्या. बीसुद्धा आणून दिलं, बरण्यांतलं, पुड्यांतलं. सगळं कचरागाडीत घातलं. माझ्या पाइपावरचा वेल मी शेवटी काढला. त्याचे वेढे पाइपाला इतके घट्ट बसले होते की काही अजून तिथेच आहेत.

भाजीवाल्या बाई तेवढ्या चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि वजनं पुसायला लागल्या.

दुकानात गर्दी आहे, पण वेगळी. सगळे घाबरून डोळे तपासून घ्यायला येताहेत. एक आई रडत आली, तिच्या मुलीने दोन हंगाम तुझ्या शेंगा खाल्ल्या होत्या. त्या मुलीची नजर उत्तम आहे. मी तसं सांगितलं, तरी ती माऊली पुन्हापुन्हा विचारत होती. त्या वेळी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते जाऊ दे. तुझी खोली वाचली, मला एवढं पुरे. मी एकटा होतोच, त्यात नवीन काही नाही.

सही केल्याचं कळव म्हणजे मीही झोपेन.

तुझा,
धाकटा

१५ जुलै
संशोधन केंद्र, वसाहत

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. मागचं पत्र फाडून टाक.

काल हक्कवाल्यांना मी आडून विचारलं, समजा एखाद्या पैदासकाराच्या नातेवाइकाने बी विकायला दिलं असेल तर? ते म्हणाले, त्यात काय, नातेवाइकाने परवानगीवाचून नेलं असं लिहून द्यायचं. मग पैदासकाराची संमती नव्हती असं होतं आणि वाण वाचतो. टायपिंगची चूक खोडावी इतक्या सहज बोलले. वाईट माणूस नाही, त्याला फक्त कागद पुरा करायचा आहे. पण त्याचा अर्थ मी माझ्या भावाला चोर लिहायचं.

मग मी विचारलं, हक्क नोंदवल्यावर कोपऱ्यावरच्या एखाद्या बाईने वाळवलेलं बी विकलं तर? तर तिला बंदी करता येईल. तिने दर हंगामाला कंपनीचं बी विकत घ्यायचं. धाकट्या, माझा पगार त्या बाईंच्या करातून झाला आहे. वाफे, काचघर, मी, सगळं लोकांच्या पैशांवर उभं. मी पदरचं काही घातलं असेल तर आयुष्यातली वर्षं, आणि ती मला कुणाला विकायची नाहीत. एकदा ज्यांनी पैसे दिले त्यांनाच पुन्हा दुकानात उभं करायचं हे माझ्याच्याने होणार नाही.

तेव्हा सही करत नाही. उद्या लिहून देते की बी मी माझ्या हाताने दिलं, कसलीही अट न घालता दिलं, ते पेरलं-विकलं गेलं त्याला माझी हरकत नव्हती आणि आजही नाही. साहेब खात्री करायला माणूस पाठवतील. म्हणून तुझं काम एवढंच, वेल आहेत तसे राहू देत. एकही उपटू देऊ नकोस. माझ्या शब्दाला तेवढाच आधार आहे.

आणि एक. तू लिहिलंस ना, माणसं येतात ती टेकतात. ते वाचताना मला तुझा हेवा वाटला. माझ्या इतक्या वर्षांच्या चाचण्यांत हा निकाल कुठेच नव्हता. भाजीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग.

अनेक आशीर्वाद, आणि मागच्या रागाबद्दल थोडे जास्तीचे.

ताई

२५ जुलै
चष्म्याचं दुकान

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं १५ तारखेचं पत्र हातात पडलं तेव्हा कचरागाडी जाऊन आठवडा उलटून गेला होता. माझंही तुला मिळालं असेल. काय लिहू?

माणूस येईल तेव्हा मी सगळं खरं सांगेन. पण माझ्या शब्दाला आता कोण विचारतो? मी लोकांना सांगून बघितलं की डोळ्यांना काही होत नाही, ते मी बनवून सांगितलं होतं. तर वरच्या बाई म्हणाल्या, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय हे आम्ही कसं ओळखायचं. बरोबर आहे त्यांचं. आता कुणी टेकत नाही. जिला रडताना बघितलं ती आई दुसऱ्या फुटपाथवरून जाते. स्क्रू ढिले झालेले चष्मे लोक दोऱ्याने बांधून वापरताहेत.

मी तुझं घर वाचवायला गेलो आणि तुझ्या शब्दाचाच आधार काढून घेतला. मला आई लहानपणी म्हणायची, तू मदतीला येऊ नकोस, तीच मोठी मदत. आज तिची फार आठवण झाली.

रागावून का होईना, लिही.

धाकटा

२० ऑगस्ट
संशोधन केंद्र, वसाहत

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं दुकान बंद होतं त्या दिवशी, म्हणून तुला कळलेलं दिसत नाही. मी लिहून दिलं त्याची खात्री करायला हक्कवाले तुमच्या गल्लीत येऊन गेले. दारं वाजवून घेवड्याबद्दल विचारत फिरले. कुणी कबूल होईना. काही जणांनी उलट डोळ्यांची तक्रार केली. ते आनंदाने परत निघाले होते, कारण पुरावा नाही म्हणजे वाण नवा. तेवढ्यात कोपऱ्यावर त्यांनी भाजीवाल्या बाईंना सहज विचारलं की डोळ्यांना बाधणारा तो घेवडा इथे कोण विकत होतं.

बाई उठून उभ्या राहिल्या म्हणे. मी विकत होते, आणि पुढेही विकणार, म्हणून त्यांनी भर रस्त्यात सुनावलं. माझ्या मालाला नाव ठेवायचं नाही. मी रोज तोच खाते आणि माझ्या चष्म्याचा नंबर तीन वर्षांत बदललेला नाही, या गल्लीतल्या चष्मेवाल्यानेच तपासलाय. मग त्यांनी तुझ्या अक्षरातली पुडी काढून त्यांच्या हातात दिली, आणि घरामागचा वेलही दाखवला. तुझ्यावर विश्वास न ठेवणारं एक माणूस गल्लीत होतं म्हणून माझा शब्द खरा ठरला. हक्कवाल्यांनी हे मला स्वतः सांगितलं. सांगताना ते हसले, आणि मग त्यांना आपण हसायला नको होतं असं वाटलं.

हक्काचा अर्ज करायचा बेत सोडून दिला. कंपनी गेली. मागेल त्याला बी द्यायचं असं ठरलं आहे. मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं की हा घेवडा सगळ्यांचा झाला हे ठीक, पण पुढच्या घेवड्याचा खर्च कोण करणार. सरकार हात आखडतंय, कंपनीला तुम्ही घालवलंत. तो प्रश्न घेऊनच मी बाहेर आले. काचघरावर प्लास्टिक अंथरलं आहे, ते वाऱ्याने फडफडतं. वाफ्यांवरच्या दोघांना येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांतले एक मला रोज पाण्याची कळशी आणून द्यायचे. परवा रस्त्यात भेटले, मान वळवून गेले. मी बरोबर केलं असं मला वाटतं, पण त्यांच्यासमोर ते म्हणवलं नसतं.

मुदतवाढ नाही. वर्षअखेर खोली सोडायची. कुठे जायचं ते ठरलेलं नाही. तुझ्याकडे ये असं लिहू नकोस. दीड खोली, त्यात तुझ्या काचा, त्यात मी कुठे मावणार? इतक्या वर्षांत मला कुणाबरोबर राहायची सवयही उरलेली नाही.

पण एक तुला निस्तरावंच लागेल. डोळ्यांना बाधतो म्हणे! त्या शेंगेची मालकी कुणाची नको होती मला, पण तिच्यावर हा डाग सहन होत नाही. पुड्यांवर तू ताईचा असं लिहिलं आहेस. कसंही कर, पण लोकांच्या मनातून ते काढ.

तुझ्यावर राग नाही. लोभ होता तेवढाच आहे, कमी करायला वेळ झाला नाही.

ताई

२ सप्टेंबर
चष्म्याचं दुकान

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगून कुणाला पटेना, म्हणून शेवटी करून दाखवायचं ठरवलं. भाजीवाल्या बाईंकडून तुझ्या शेंगा घेतल्या. पूर्ण भावाने, एक शेंगही त्यांनी वर घातली नाही. हिची कढई माळ्यावरून काढली. घासताना जरा वेळ लागला, कारण मध्ये मध्ये थांबत होतो. मग दुकानाच्या दारातच स्टोव्ह मांडला, भर दुपारी, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी. तिथेच शिजवलं आणि तिथेच स्टुलावर बसून खाल्लं. पुढचे पाच दिवस तेच केलं. जेवण झालं की रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहायचो आणि दारात टांगलेल्या, नजर तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ मोठ्याने वाचायचो. ती मला पाठ आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून परवापासून भाजीवाल्या बाई तक्ता बदलून टांगतात. मी तोही वाचतो.

लगेच काही झालं नाही. लोक बघून जात होते. मला वेड लागलं असं वरच्या बाईंनी कुणाला तरी सांगितल्याचं कानावर आलं. काल मात्र ती आई मुलीला घेऊन दारासमोर थांबली. आत आली नाही. मी सहज म्हणून एक शेंग पुढे केली, तर मुलीने ती मोडून बघितली, दोन्ही तुकडे निरखले, दोरा निघाला नाही, आणि तुकडे घेऊन गेली. आईने अडवलं नाही. एवढंच झालं आहे.

तू लिहू नकोस म्हणालीस, म्हणून ये असं लिहीत नाही. फक्त कळवतो की काचांची कपाटं दुकानात हलवली आहेत आणि आतल्या खिडकीखालची भिंत रिकामी झाली आहे. तिथे एक खाट बसते. मी मोजून पाहिली, कारण मापं घेणं हाच माझा धंदा. तुला कुणाबरोबर राहायची सवय नाही, मलाही नाही, तेव्हा तक्रारीला जागा नाही. मागे रंगाच्या डब्यात माती भरून ठेवली आहे. त्यात काय लावायचं ते मला विचारू नकोस.

आता तू तीन वर्षं विचारते आहेस ते. पहिल्या दिवशी मीठ जास्त झालं, दुसऱ्या दिवशी करपलं. तिसऱ्या दिवशी जमलं. शीर खरंच नाही ग ताई. फार छान लागतो तुझा घेवडा. मी तो तीन वर्षं लोकांना वाटला आणि मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आता पत्रावर भागवू नकोस.

तुझा,
धाकटा